सहा महिने मुकी वस्तू

कारखान्याच्या भांडारात मी एकवीस वर्षं काढली आहेत. वस्तू हातात घेतली की ती जिवंत आहे की मेली, हे मी डोळे मिटून सांगतो. म्हणून घरातला इलेक्ट्रॉनिक कचरा रीतसर मार्गी लावायचं मी ठरवलं, तेव्हा कुणाचा सल्ला घ्यायचा प्रश्नच नव्हता. नियम माझाच: सहा महिने मुकी राहिलेली वस्तू भंगार.

रविवारी सकाळी खोकं घेऊन मी खोल्या पालथ्या घातल्या. बॅटरी कुठे जाते, मातीत काय झिरपतं, हे सगळं मी घरच्यांना समजावत होतो. बायको मध्येच उठून आंघोळीला गेली. अप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र शेवटपर्यंत मान डोलवत बसले. या घरात माझं पूर्ण ऐकणारा तो एकच माणूस.

चार चार्जर, एक रिमोट, फुगलेला मोबाइल. तो फुटू नये म्हणून वेगळा, वाळूच्या डब्यात. अप्पांच्या टेबलावर वाटाण्याएवढं काहीतरी करडं पडलं होतं. दाबलं, हलवलं. दिवा नाही, आवाज नाही. टाकलं खोक्यात. वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझी सही. अकरापर्यंत सगळं संकलन केंद्रावर पोचवूनही आलो.

जेवताना अप्पांना मीठ मागितलं, तर त्यांनी हसून पाण्याचा तांब्या पुढे केला. बायकोने ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "अप्पांचं कानाचं यंत्र कुठाय?"

टेबलावरची ती करडी वस्तू आठवली आणि मी तसाच उठून केंद्राकडे निघालो. दर रविवारी पाच वाजता माझ्या बहिणीचा परदेशातून फोन येतो. अप्पा आठवडाभर त्या फोनसाठी जगतात, आणि यंत्राशिवाय त्यांना तिचा एक शब्दही कळत नाही.

केंद्रावरचा माणूस पूर्वी भांडारात माझ्याच हाताखाली होता. खोकं समोरच होतं, पण त्याने हात लावू दिला नाही. सील केलेलं खोकं अर्जाशिवाय उघडायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. अर्जाचा नमुनाही त्याने भांडारातला माझाच उचलला होता. त्यात एक रकाना होता: वस्तू निरुपयोगी असल्याची खात्री कोणी केली? मी लिहिलं, मी. खात्री कशी केली? मी लिहिलं, हलवून. त्याने तीनदा वाचलं आणि हसू दाबत शिक्का मारला.

यंत्र मिळालं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि बॅटरीचं इवलंसं झाकण लावलं. लगेच ते बारीक कुंई करू लागलं. "साहेब, हे मेलं नव्हतं," तो म्हणाला. "झाकण उघडून कुणीतरी बंद ठेवलं होतं."

घरी पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. अप्पा फोनसमोर ताठ बसले होते, धुतलेला सदरा घालून. तो सदरा पाहून मला फार वाईट वाटलं. यंत्र त्यांच्या कानात बसवलं आणि मोठमोठ्याने माफी मागू लागलो.

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," अप्पा म्हणाले.

"पण तुम्ही ते बंद का ठेवलं होतं?"

अप्पा जरा संकोचले. मग सरळच म्हणाले, "सकाळी तू खोकं घेऊन आत आलास ना, तेव्हाच काढलं. तू बोलायला लागलास की काढतोच मी. बरीच वर्षं झाली."

तेवढ्यात फोन वाजला. अप्पा पाऊण तास बोलले, दोनदा पोट धरून हसले. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी बाजूला बसून, आजवर मी त्यांना काय काय समजावलं असेल, ते आठवत राहिलो.

फोन ठेवल्यावर अशा यंत्राची काळजी कशी घ्यावी, हे सांगायला मी तोंड उघडलं. अप्पांचा हात हळूच कानाकडे निघाला.

मी तोंड मिटलं. हात परत मांडीवर आला. मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते बसून होतो, आणि यंत्र कानातच राहिलं.