तीन झाडं अंतर

रताळ्याचा वाफा सलग तिसऱ्या दिवशी उकरलेला दिसला तेव्हा कचरूभाऊंचं डोकंच फिरलं. काम घुशीचं होतं. त्यांनी शेजारच्या बद्रीनाथकडून छर्र्याची बंदूक मागून आणली. बद्रीनाथनं देताना बजावलं, "काका, तीस फुटांपर्यंत सरळ नेम धरा. त्याच्या पुढं छर्रा खाली येतो, मंग चार बोटं वर धरायचं."

"अंतराचं मला नको सांगू," कचरूभाऊ म्हणाले. खरंच होतं ते. बदनापूरला तीस वर्षं मोसंबीची बाग सांभाळलेला माणूस. मोसंबी अठरा-अठरा फुटांवर; मधली झाडं मोजायची, अठरानं गुणायचं, झालं अंतर. टेप कधी लागलाच नाही. जालन्याला लेकाच्या घरी राहायला आल्यापासून मात्र त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

नंदाबाईंना काळजी टाकीची. आठ दिवसांनी नळ आला होता आणि वाफ्यामागच्या कट्ट्यावरची काळी टाकी सकाळीच काठोकाठ भरली होती. "अहो, मागं टाकी हाय. आठ दिवस पुरवायचंय ते पाणी."

"घूस जमिनीवर, टाकी कट्ट्यावर. संबंध काय दोघींचा?"

संध्याकाळी घूस आली. मागच्या पायरीवर बसून कचरूभाऊंनी वाफ्यापर्यंतची झाडं मोजली. एक, दोन, तीन. चौपन्न फूट. चार बोटं वर धरून त्यांनी चाप ओढला. घुशीनं मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा रताळं खायला घेतलं.

कचरूभाऊ गोंधळले. नेम बराबर, गुणाकार बराबर, मग छर्रा गेला कुठं? अलीकडंच पडला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. बंदूक दुमडून दुसरा छर्रा भरला आणि आणखी चार बोटं वर धरली.

या वेळी आवाज आला. टाकीला बुडाजवळ भोक पडलं आणि धार थेट वाफ्यात. घूस बिळात पळाली. कचरूभाऊ बंदुकीसकट धावले आणि धावायला लागले तोच पोचले. चौपन्न फूट इतक्या जल्दी कसे संपले, त्यांना कळेना. त्यांनी भोकावर बोट दाबलं.

नंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "किती धरलं व्हतं अंतर?"

"तीन झाडं. तीन अठरं चौपन्न."

"पपई हाय ती. सहा-सहा फुटांवर लावली म्या."

"इतकी जवळ काहून लावली?"

"पपई तशीच लावतेत. बोट काढू नका, साबण आणते भोकात भरायला."

त्या आत गेल्या. तेवढ्यात बिळात पाणी भरलं आणि घूस निथळत बाहेर आली. कचरूभाऊंच्या पायाजवळ बसून तिनं उरलेलं रताळं उचललं.

नंदाबाई साबण घेऊन आल्या आणि पायरीवरच थबकल्या. "अहो, किती लांब हाय?"

"दोन फूट. बिलकुल दोन फूट."

"मंग मारा की."

"छर्रा भरायला दोन हात लागतेत."

नंदाबाईंनी पायरीवरूनच साबण फेकला. तो घुशीच्या नेमका पाठीत बसला. घूस उडाली, वळली, साबण हुंगला, तोंडात धरला आणि भिंतीखालच्या मोरीतून पसार झाली.

"नेम बराबर व्हता," कचरूभाऊ म्हणाले. "आता दुसरा साबण आण."

"घरात एकच व्हता," नंदाबाई म्हणाल्या.

कचरूभाऊंनी भोकावरचं बोट बदललं.