देवरावभाऊ आणि पाच मिनिटांची बॅटरी

जगात कुठंही नवीन बॅटरी निघाली की इकडे भंडाऱ्याजवळ, आमच्या कारध्यात देवरावभाऊंचं तोंड उतरतं.

देवरावभाऊ माझे शेजारी. लाइनमन म्हणून निवृत्त झाले, वहिनी वारल्या, मुलगा पुण्याला. रस्त्यालगतच्या घरापुढे त्यांनी टिनाचं शेड घातलं आणि विजेच्या गाड्यांसाठी एक चार्जर बसवला. तोही हळू चालणारा. गाडी लागली की तासभर तरी हलत नाही. तेवढ्यात भाऊ खुर्ची टाकतात, उकडलेले शिंगाडे पुढे करतात आणि म्हणतात, "गाडी पिऊन राहिली, तुमीबी पानी प्या." मग पाहुण्याचं गाव, धान, गुडघेदुखी, सगळं निघतं. गोंदियाच्या एका साहेबांची गाडी भरेपर्यंत भाऊंनी त्यांच्या मुलीसाठी दोन स्थळं सुचवली होती.

पेपरात बॅटरीची बातमी आली की ते मला वाचायला लावतात. स्वतःचा चष्मा नाकावर असतो, पण वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. मी वाचतो : आता मिठातल्या सोडियमची बॅटरी येणार. पुढे आतलं पातळ रसायन जाऊन तिथं घट्ट पदार्थ येणार, गाडी आणखी लांब पळणार.

"मिठाची राहो का साखरेची," भाऊ म्हणतात, "मिनिटं किती, ते सांग."

"पाच मिनिटांत भरेल म्हणतात."

"पाच मिनिटात मानूस चप्पल तं काढते का?"

त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

एक कंपनी वेगवान चार्जरसाठी त्यांची जागा मागत होती. कंपनीचा माणूस आला की भाऊ त्यालाही शिंगाडे खाऊ घालत आणि "पाहू ना, घाई कायले करता?" म्हणून वाटेला लावत.

दर शनिवारी दुपारी मीनल यायची. नोकरी नागपूरला, घर साकोलीला. गाडी जुनी घेतलेली, बॅटरी थकलेली, त्यामुळे इथं थांबणं भागच. भाऊ शनिवारी सकाळीच दाढी करून बसायचे. तीही 'बाबाजी, बाबाजी' म्हणून मोकळेपणानं बोलायची.

अशाच एका शनिवारी मीही तिथं होतो. आपण खांबावर चढलो असताना माकडानं टोपी कशी पळवली, ते भाऊ रंगवून सांगत होते. मीनलचा फोन वाजला. तिची लहानगी मुलगी होती, आणि आवाज खणखणीत.

"आई, कुठंपर्यंत आली?"

"आलीच बेटा. बाबाजीकडे गाडी चार्ज होऊन राहिली."

"त्यायले लवकर करा म्हन ना! मी जेवली नाई अजून."

मीनलनं घाईघाईनं फोन बंद केला. "सांगा ना बाबाजी, मग माकडानं काय केलं?"

"काय करनार? गेलं निंगून," भाऊ म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी रिकामी खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग म्हणाले, "मले वाटे, हा टाइम माहा हाये. तो तं त्या पोरीच्या ताटातला निंगाला."

सोमवारी त्यांनी स्वतःच कंपनीला फोन लावला.

नवा चार्जर बसला त्यानंतरच्या शनिवारी मीनल आली. भाऊंनी चहा ठेवला, पण तो दोन कपांत ओतेपर्यंत गाडीत घरी पोचण्यापुरती वीज भरलीही.

"थांबते बाबाजी, चहा घेऊनच जाते," ती म्हणाली.

"काई थांबू नको. निंग. पोरगी उपाशी बसून राहिली असन."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे होते. मग तेच दोन कप घेऊन माझ्या ओसरीकडे आले. मी भंडाऱ्याला बाजारासाठी निघालो होतो, पिशवी हातातच होती.

"कुठं जाऊन राहिला का?"

"छे," मी पिशवी दारामागं टाकली. "बसा भाऊ."

चहा पार निवला होता. मी तो घोट घोट, सावकाश प्यायलो.