मागच्या सीटवरची तक्रार

गाडीतून येणारा आवाज गाडीत नसतो, तो ऐकणाऱ्याच्या कानात असतो. ऐकणारा खाली उतरला की आवाज बंद होतो. ज्याला शंका असेल त्याने उतरून पाहावं.

हे तत्त्व अण्णांच्या अंगी पाणीपुरवठा खात्यात मुरलं होतं. तिथे ते तक्रार निवारण अधिकारी होते, आणि त्यांच्या टेबलावर आलेली एकही तक्रार जिवंत परत गेली नव्हती. नळाला पाणी येत नाही असं कोणी सांगितलं की अण्णा शांतपणे विचारत, "येत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?" माणूस गोंधळायचा. न आलेलं पाणी पाहणार कसं? (गढूळ पाण्याची तक्रार त्याहून सोपी. पाणी येतं हे तक्रारदारानेच मान्य केलेलं असायचं, मग त्याला आभार मानायला लावून परत पाठवायचं.) तक्रारदार गप्प झाला की तक्रार निकाली निघाली, अशी खात्याची व्याख्या होती. तिच्यात खोट काढायला कोणी बोलतं उरत नसे.

अशा माणसाच्या गाडीत बायकोने तोंड उघडलं.

"अहो, मागून काहीतरी गुणगुणतंय. भोवरा फिरल्यासारखं." ती मागे बसली होती. (पुढच्या सीटवर अण्णांची बॅग बसते.)

"इथे काही ऐकू येत नाही," अण्णा म्हणाले.

"तुम्ही पुढे आहात. आवाज मागून येतोय."

"मग तो मागचा प्रश्न आहे."

प्रश्न मागचा असला तरी सोमवार पुढे उभा होता. सोमवारपासून लेक हीच गाडी घेऊन शेजारच्या गावी नोकरीला जाणार होती. सगळा हमरस्ता, आणि दोन्ही बाजूंनी ट्रक. त्यामुळे एरवी दोनदा सांगून गप्प बसणारी बाई या वेळी गप्प बसेना, आणि अण्णांना रीतसर कारवाई करणं भाग पडलं.

कारवाई अर्थातच तक्रारदारापासून सुरू झाली. बायकोला कानाच्या डॉक्टरांकडे नेण्यात आलं. डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत. या वयात असे क्वचित बघायला मिळतात."

अण्णांचा चेहरा खुलला. "बघ! तुला नको इतकं ऐकू येतं. दोष गाडीत नाही, सांगत होतो ना?" एवढं निदान होऊनही डॉक्टरांनी औषध दिलं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

मग उपाययोजना. रेडिओ मोठा केल्यावर आवाज सत्तर टक्के घटला. काचा उघडल्यावर नव्वद टक्के. शेजारच्या बडबड्या काकू मागे बसल्या तेव्हा पूर्ण शंभर टक्के, पण काकू रोज मिळत नाहीत. गाडी सायकलच्या वेगाने चालवली तर आवाज मुळीच येत नाही, हेही सिद्ध झालं. फक्त सायकलवाले मागून घंटी वाजवत, आणि तो आवाज निराळ्या खात्याचा होता.

शेवटी अण्णांना शोध लागला. गाडी उजवीकडे वळताना गुणगुण जवळजवळ थांबते, डावीकडे वळताना वाढते. दुसरा एखादा घाबरला असता. अण्णांनी डावीकडे वळणं बंद केलं. डावीकडे जायचं असेल तर तीनदा उजवीकडे वळायचं, की झालं काम. त्या दिवशी घरापासून डाव्या हाताला, चार पावलांवर असलेल्या मंडईत ते बायकोला घेऊन पोचले, तेव्हा भाजीवाले गोण्या आवरत होते.

घरी आल्यावर त्यांनी हा मार्ग लेकीला समजावून दिला.

"अण्णा, माझं ऑफिस हमरस्त्यावरून डावीकडे आहे."

"तीनदा उजवीकडे."

"ट्रकांच्या मधून?" लेकीने हसू आवरलं. मग तिने टेबलावरचा कप हातात धरून वळवून दाखवला, चहा कडेला कसा चढतो ते. "उजवीकडे वळलं की गाडीचं ओझंही असंच डावीकडे जातं. उजवं चाक मोकळं होतं, म्हणून गप्प बसतं. म्हणजे दुखणं मागच्या उजव्या चाकात आहे. अण्णा, हे तुम्हीच शोधून काढलंत!"

अण्णांना कौतुक आवडलं, त्याचा अर्थ आवडला नाही. "मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"बरं. मग मी चावी घेते."

गॅरेजमध्ये मेकॅनिकने जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवलं. जात्यात खडे पडल्यासारखी घरघर झाली. वरखाली ढकललं, तर चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"बेअरिंग गेलंय की हो," तो म्हणाला. (चाकाच्या पोटात पोलादी गोळ्यांचं एक कडं असतं, त्यावर चाक फिरतं. गोळ्या झिजल्या की आधी गुणगुणतात, मग ओरडतात, मग चाक एकटंच पुढे निघून जातं.) "ताई, अशीच हमरस्त्याला काढली असती, तर गाडी एकीकडे आणि चाक एकीकडे!"

आईने लेकीचा हात धरला, तो नवीन बेअरिंग बसेपर्यंत सोडला नाही.

मग अण्णांनी स्वतः गाडी हमरस्त्यावर काढली. रेडिओ बंद. काचा बंद. वेग भरपूर. एक वळण तर त्यांनी मुद्दाम डावीकडे घेतलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"आता सांग," त्यांनी आरशातून मागे पाहिलं, "कुठे आहे आवाज?"

मागे कोणीच बोललं नाही.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो." तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.

लेक सोमवारी नोकरीला गेली आणि सुखरूप परत आली. आई हल्ली मागे बसून खिडकीबाहेर बघते. अण्णा मोठ्या मनाचे आहेत, अधूनमधून स्वतःहून विचारतात, "काही ऐकू येतंय का?" ती नाही म्हणते.

तुमच्या घरी असं काही नसणार. तुमची गाडी शांत चालते, मागे बसलेली माणसंही समाधानी दिसतात. फार छान. तरी एकदा सहज विचारून बघा, आवाज येतो का म्हणून. आणि तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'नाही' असं उत्तर आलं, तर गाडी तिथेच बाजूला घ्या.