लेम्युएल टॉलिव्हर यांच्याविरुद्ध हरकत असल्यास

जॉर्जिया राज्यातल्या बेथेल स्प्रिंग्ज गावचे रहिवासी लेम्युएल टॉलिव्हर, वय अठ्ठावन्न, यांनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवल्यानंतर स्वतःचा एक ट्रक घेतला. ट्रक निळा होता, जुना होता आणि घरासमोर उभा होता. तो तिथेच उभा राहावा, अशी केंद्र सरकारची इच्छा दिसत होती. कारण राज्याची हद्द ओलांडून लोकांचा माल न्यायचा, तर ट्रक, चालक, रस्ता आणि माल एवढ्याने भागत नाही. परवाना लागतो.

माल तर कबूल झाला होता. पीचच्या बागेच्या मालकीण विनशिपबाई यांनी सांगून ठेवलं होतं, की दहा जूनला तोडणी आहे, तोवर कागद झाले तर ओहायोला जाणारा सगळा माल तुझा. नाही झाले तर नेहमीप्रमाणे मोठ्या कंपनीचा. पीच कागदासाठी थांबत नाही, असंही त्या म्हणाल्या. हे बागेबद्दल खरं होतं. सरकारबद्दल त्याच्या उलट खरं होतं.

एप्रिलात लेम्युएलने अर्ज भरला. त्यातून दोन नंबर मिळणार होते. एका नंबराने आपण अस्तित्वात आहोत हे सिद्ध होणार होतं, दुसऱ्याने आपल्याला काही करण्याची मुभा आहे हे. कंपनीचा अध्यक्ष कोण? लेम्युएल. सुरक्षा अधिकारी? लेम्युएल. चालक? लेम्युएल. उपाध्यक्षाचा रकाना रिकामा सोडू नये असं लिहिलं होतं, म्हणून तिथे बायकोचं, व्हर्डेलचं, नाव घातलं. शिवाय प्रत्येक राज्यात एकेक माणूस नेमावा लागला. कुणी कंपनीवर खटला भरलाच, तर कोर्टाचे कागद घ्यायला.

“माँटानातसुद्धा?” व्हर्डेलने विचारलं.

“माँटानातसुद्धा.”

“सख्ख्या चुलतभावाचा फोन नंबर नाही तुझ्याकडे,” ती म्हणाली, “आणि माँटानात एक परका माणूस तुझ्यावरच्या खटल्याची वाट बघत बसणार.”

मग वाहतूक खात्याचं पत्र आलं. अर्जाची जाहीर नोंद झाली आहे. ज्या कुणाची हरकत असेल, त्याने ती दहा दिवसांत कळवावी. हे पत्र या देशात रोज शेकडो लोकांना जातं. ते वाचून ती माणसं कपाटात ठेवतात आणि दहा दिवस मासे धरायला जातात. पण लेम्युएल सरळमार्गी होता. माणसाच्या आयुष्यात याच्याइतकं घातक दुसरं काही नसतं. त्यात तो चर्चच्या मंडळीत डीकन होता. डीकन म्हणजे उपासनेच्या वेळी दाराशी उभा राहणारा, दानाची थाळी फिरवणारा आणि इतरांना वळण लावणारा सेवेकरी.

त्याच रविवारी पाळक एझ्रा पिंकस्टन यांचं प्रवचन झालं. पिंकस्टन बोलायला लागत साध्या आवाजात, पण पंधराव्या मिनिटाला त्यांच्या शब्दांना सूर फुटे, विसाव्याला ठेका मिळे, आणि मग ऑर्गन त्यांच्या मागे धावे. ज्याने ते गाणं एकदा ऐकलं, त्याच्या पाठीचा कणा आठवडाभर ताठ राहतो. त्या दिवशी ते गात होते, की जो माणूस स्वतःविरुद्धची साक्ष ऐकायला बसतो, त्याच्यासाठी स्वर्गाचं दार आधीच किलकिलं होतं. मंडळी आमेन म्हणत होती, पंखे हलवत होती. लेम्युएलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो उठून उभा राहिला. खात्याचं पत्र त्याने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, “बंधुभगिनींनो, दहा दिवस आहेत. कुणाची हरकत असेल तर सांगा.”

त्याला वाटलं होतं, थोडा वेळ शांतता पसरेल आणि मग टाळ्या होतील.

मंडळीतल्या एक भगिनी, सिस्टर ओझेला गेन्स, काठी टेकत उठल्या. त्या म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या मयताला डीकनांनी आमच्या घरून नेलेलं टेबल परत आलं तेव्हा त्याचा एक पाय डुगडुगत होता, आणि त्यावर डीकन म्हणाले की तो आधीपासूनच डुगडुगत होता. गानवृंदाच्या बाईंनी सांगितलं, हे ध्रुवपदात अर्धा ठोका आधी शिरतात आणि दोष ऑर्गनला देतात. कुणाला मासे तळण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांआधी रिकामी झालेली त्यांची थाळी आठवली. हे प्रवचनात उघड्या डोळ्यांनी झोपतात, हे पाळकांनीच नमूद केलं. शेवटी न्हावी थॅडियस मोब्ली उठला. सहलीची बस सव्हानाच्या समुद्राकडे न्यायची असताना डीकनांनी ती उलट दिशेला, अलाबामात नेली होती, कारण “मला रस्ता माहीत आहे,” असं ते म्हणाले होते. मुलांनी समुद्राऐवजी एका गुदामाचं आवार पाहिलं.

एकूण अकरा हरकती आल्या. लेम्युएलने त्या क्रमांक घालून लिहून घेतल्या, खाली सह्या घेतल्या. सगळ्यांनी त्याला मिठी मारली, सिस्टर ओझेलांनी केकचा मोठा तुकडा बांधून दिला. सरकारकडे मात्र एकही हरकत पोचली नाही. मे महिन्याच्या मध्यावर परवाना आला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नियम असा, की कंपनीने आपल्या प्रत्येक चालकाची फाइल ठेवली पाहिजे: नोकरीचा अर्ज, मागच्या मालकाकडे चौकशी, योग्य चालक असल्याचा मालकाचा निर्वाळा. कंपनीत एकच चालक असला आणि तोच मालक असला, तरीही. तेव्हा लेम्युएलने टाय बांधला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला बसून चालकाला अर्ज दिला. टाय सोडून दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसून तो भरला. पुन्हा टाय बांधून वाचला.

मालक म्हणून त्याची अडचण अशी झाली, की या उमेदवाराविरुद्धच्या अकरा हरकती त्याच्या खिशात होत्या. टेबल आणि मासे यांकडे त्याने उदारपणे दुर्लक्ष केलं. पण रस्ता न विचारणारा चालक? त्याने चालकाकडे लेखी खुलासा मागितला. चालकाने मुदत मागितली. मालकाने, कडक पण न्यायी माणूस असल्यामुळे, तीस दिवस दिले.

मधल्या काळात जुन्या कंपनीकडून चौकशीचं उत्तर आलं. त्यांच्यासाठी त्याने सव्वीस वर्षांत तेवीस लाख मैल ट्रक चालवला होता. कागदावर दोन तारखा होत्या, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची. त्याखाली छापलेलं होतं, की अन्य माहिती उपलब्ध नाही. लेम्युएल तो कागद बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिला. त्या दिवशी त्याला टाय बांधायचंही सुचलं नाही.

नऊ जूनला दुपारी विनशिपबाईंचा फोन आला. उद्या सहा वाजता ट्रक बागेत नसला, तर सातला मोठ्या कंपनीचा येईल. लेम्युएलने नम्रपणे सांगितलं, की चालकाचा खुलासा अजून यायचा आहे.

व्हर्डेल भेंडी चिरत होती. तिने सुरी ठेवली, हात पुसले, मालकाच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “उपाध्यक्ष बोलतेय. आण ती फाइल इकडे.”

तिने हरकतींची यादी आणि जुन्या कंपनीचं उत्तर, दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“अकरा,” ती म्हणाली. “मंडळीला वाटतं अकराच आहेत. माझ्याकडे एकतीस वर्षांच्या आहेत.”

“म्हणूनच म्हणतो, नियमाप्रमाणे...”

“गप बस. अर्जदाराने मध्ये बोलायचं नसतं. ज्यांना तू नीट माहीत आहेस, त्यांनी अकरा खोडी सांगितल्या आणि तरी दर रविवारी तुझ्याच बाकावर येऊन बसतात. ज्यांच्याकडे सव्वीस वर्षं राबलास, त्यांनी दोन तारखा कळवल्या. मी अकरांच्या भरवशावर सही करते. रस्ता विचारायचा, एवढीच अट.”

दहा तारखेला पावणेसहाला निळा ट्रक बागेत उभा होता. लेम्युएलने अट पाळली. केंटकीत, जिथे रस्ता चाळीस मैल सरळ जातो आणि वळायला जागाच नाही, तिथेही त्याने थांबून दोनदा विचारलं. पेट्रोलपंपावरच्या बाईला वाटलं, याला बोलायला कुणी नाही. तिने कॉफी दिली. पीच ओहायोत वेळेवर पोचले, एकही दबला नव्हता. बाकीचा माल विनशिपबाईंनी त्यालाच दिला.

हे ऐकून पाळक पिंकस्टन भारावले. पुढच्या रविवारी त्यांनी त्यावर असं काही गायलं, की ऑर्गनवाला दमला आणि सिस्टर ओझेला काठीशिवाय नाचल्या. त्याच भरात त्यांनी डीकनांच्या सभेत ठराव मांडला, की फळांच्या पेट्यांसाठी जर एवढी चौकशी होते, तर आत्म्यांची ने-आण करणाऱ्यांची का नको? आपणही प्रत्येक डीकनाचं नाव दहा दिवस दारावर लावू आणि हरकती मागवू.

न्हावी मोब्लीही डीकनच होता. तो म्हणाला, कल्पना सुंदर आहे, पण घाई नको. दुसऱ्याने विचारलं, दारावर कागद डकवला तर रंग जाईल का. तिसऱ्याने अभ्यास समिती सुचवली. शेवटी ठराव पुढच्या वर्षावर ढकलावा अशी सूचना आली, आणि तिला सर्वांत आधी, अर्धा ठोका लवकर, अनुमोदन दिलं ते लेम्युएल टॉलिव्हर यांनी. चालक म्हणून आपण उघडे पडलो ते पुरे झालं, असं ते म्हणाले. डीकन म्हणून आपली तयारी अजून व्हायची आहे.

वाचकहो, आपण हसलात, फार बरं वाटलं. आता एक कोरा कागद घ्या, वर स्वतःचं नाव लिहा, आणि घराच्या दारावर बाहेरच्या बाजूने दहा दिवस लावून ठेवा. मी माझाही लावणारच आहे. फक्त आधी आमच्या दाराचा रंग वाळू दे.