मगरकाकांचं आठवं रीळ

जुन्या रिळांच्या बाबतीत माझं नाक कधीच चुकत नाही! डबा उघडून एकदा हुंगलं, की फिल्म धडधाकट आहे का मरायला टेकलीय, ते मी सांगतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर खेळ खलास! हा रोग शेजारच्या डब्यांनाही लागतो.

त्या दिवशी मगरकाका येणार होते. हे निवृत्त औषधवाले. ‘दलदलीची राणी’ नावाच्या, कुणालाही न आठवणाऱ्या जंगलपटाची सात रिळं त्यांच्याकडे. त्यातल्या रानटी टोळीच्या सरदाराच्या मनगटावर घड्याळ आहे, खोटी मगर ओढणारी दोरी स्वच्छ दिसते, आणि नेमक्या ह्याच गोष्टींवर आम्ही संग्राहक जीव टाकतो. सातवं रीळ संपतं तेव्हा राणी मगरीच्या जबड्यासमोर! पुढे काय झालं, ह्या काळजीत काकांची चाळीस वर्षं गेली. आठवं रीळ मला भंगारात सापडलं. एकटा बघणार नाही, असा मी शब्द दिला होता.

सकाळी मी प्रोजेक्टर पुसत होतो. बायको मागून येऊन कोंड्यासाठी डोक्याला काहीतरी चोळून गेली. मी मान वर केली नाही.

मग डबा उघडला. आंबट वास!

माझी पाचावर धारण बसली. काकांना काय तोंड दाखवू? बाकीचे डबे तरी वाचावेत म्हणून तो न्हाणीघरात नेला. तिथंही वास! जिन्यानं गच्चीकडे धावलो. वास पाठ सोडेना!

“अहो, पळताय कुठं?” बायको मागून ओरडली.

“मरतेय ती!”

“कोण?”

“राणी!”

जिन्यातल्या शेजारणीनं हे ऐकलं आणि तडक डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आणि मगरकाका एकदमच वर आले.

“पेशंट कुठंय?” डॉक्टर म्हणाले.

मी डबा पुढे केला. काकांनी तो ओढून घेतला. त्यांनी डबा हुंगला, पुन्हा हुंगला. मग मला हुंगलं.

“रीळ ठणठणीत आहे. वास तुझ्या डोक्याला येतोय.”

“येणारच!” बायको म्हणाली. “अर्धी बाटली व्हिनेगर चोळलंय. आणि तासभर धुवायचं नाही!”

“मग ह्याला फिल्मजवळ येऊ देऊ नका!” म्हणत काकांनी मला खाली घरात आणून बाल्कनीत काढलं आणि काचेचं दार लावून घेतलं.

आत रीळ सुरू झालं. सिनेमाचा पडदा दाराला लागूनच्या भिंतीवर. मला फक्त बघणारे दिसत होते. शेजारणीनं डोळे झाकले. डॉक्टर उठून उभे राहिले. काका ढसाढसा रडायला लागले.

मी काचेवर टकटक केली. “वाचली का हो?”

काकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघताच पडदा ओढून घेतला. दाराचा!