उलट्या हाताचे मुनीरमामा

मुनीरमामा कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवत. कडी असो, नळ असो, चहाचा ग्लास असो. पंजाची मागची बाजू क्षणभर टेकवायची, काही झालं नाही की मगच वस्तू धरायची. आमच्या पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये ते अटेंडंट होते. "करंट बसला की बोटं मिटत्यात. सुलट्या हातानं धरलं तर चिकटलास. उलटा हात झटक्यात मागं येतो," हे ते पहिल्याच दिवशी सांगत. विजेच्या तारेपुरतं ते ठीकच होतं. मामांनी ते सगळ्या जगाला लागू केलं होतं.

ओतूरच्या स्टँडवर एसटीत चढताना ते दाराच्या दांड्याला आधी उलटा हात लावत, आणि मागे बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसं खोळंबत. एका लग्नात लायटिंगच्या माळा लावलेली खुर्ची तपासायला त्यांनी चक्क नवरदेवाला उठवलं. नवे प्राचार्य आले आणि त्यांनी हात पुढे केला, तर मामांनी त्यांनाही आधी उलट्या हाताने चाचपलं. "लोखंडी टेबलाला टेकून हुबे व्हते, राव. मानूस चांगला असंल, पर अर्थिंगचं काय सांगावं?"

मी पारगावचा. बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये एकदा नापास झालो होतो. या खेपेला प्रॅक्टिकल गेलं तर वर्ष बुडणार होतं, आणि वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मग घरी ये आन् उसाला पानी धर." पुस्तक सगळं पाठ होतं, पण वायर हातात आली की कुठलं टोक कुठे जोडायचं हेच सुचायचं नाही. मामांनी हे हेरलं आणि परीक्षेआधी आठवडाभर मला रोज कॉलेज सुटल्यावर थांबवून घेतलं. "बॅटरीच्या प्लसपासनं निघ. बोट फिरवत बोल. कुटनं जाशील, मायनसला कवा पोचशील?" मी बोट फिरवत बडबडायचो, आणि खिडकीतून मित्र खिदळायचे.

तिसऱ्या दिवशी जरा शिंगं फुटली. ॲमीटर सिरीजमध्ये जोडायचा, तो मी सरळ सप्लायच्या दोन टोकांना जोडला. काटा थाडकन पलीकडे आपटला आणि जळका वास सुटला. माझा चेहरा पडला. मामांनी स्विच बंद केला. "गेला ह्यो. आता तू जन्मात चुकायचा न्हाईस. दुसरा घे."

प्रॅक्टिकल बरं गेलं. बाहेरच्या परीक्षकांनी मान डोलावली, पण परीक्षकाच्या मानेवर कुणी विश्वास ठेवावा? मामांना सांगायला गेलो, तर ते स्टोअररूममध्ये कपाट उघडून बसले होते. आत जळालेले मीटर मांडलेले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. 'संतोष, बोरी. लई भित्रा.' खाली वेगळ्या शाईत, 'भोसरीला नोकरी.' त्याच्याही खाली, 'मुलगी झाली.'

"हे भंगारात नाही देत, मामा?"

"कशाला? ज्यांनी बिनचूक जोडलं, त्यांची तोंडंबी ध्यानात न्हाईत माझ्या. ही पोरं तेवढी ऱ्हायली."

मामांना मूलबाळ नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून मी कधी विचार केला नव्हता, याची मला लाज वाटली.

तेवढ्यात माझा मीटर दिसला. चिठ्ठीवर माझं नाव, गाव, आणि खाली ठळक अक्षरात 'पास'.

"मामा, निकालाला अजून महिना आहे."

"आसू दे की," मामा म्हणाले. "मी पेनानं लिवलंय."

महिन्याने निकाल लागला. मामांना खोडाखोड करावी लागली नाही.