नाथाची गूळतुला

केशरबाईचा अंदाज चुकला, असं कोलशेतच्या कोळीवाड्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. टोपलीतल्या मासळीचं वजन ती नुसत्या नजरेने सांगायची आणि कुणी शंकेखोराने मागाहून मोजलंच, तर काटाच ओशाळायचा! "तराजू कशाला? देवानं डोले कशाला दिलेत?" असं ती गिऱ्हाइकालाच विचारी. अशी बाई नवसाच्या बाबतीत फसली, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

साल अठ्ठ्याऐंशी. वाड्यात टीव्ही एकच, तोही केशरबाईकडे. दर गुरुवारी दहावीतल्या नाथाची मालिका लागली की तिच्या ओटीवर मुंगीलाही जागा उरत नसे. नाथा सायकलवरून पडे, मास्तरांचा मार खाई, समोरच्या खिडकीतल्या मुलीला बघून भलत्याच घरात शिरे, आणि अख्खा वाडा हसून हसून गडबडा लोळे. तेरा भागांच्या मालिकेतला हा पोरगा दुसऱ्याच भागात वाड्याने दत्तक घेतला होता. केशरबाईचा स्वतःचा मुलगा बाळ, तोही त्याच वर्षी दहावीला होता. पण तो दाराशी चपलांच्या ढिगात बसून मालिका बघायचा आणि तो तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही नसे.

मार्चमध्ये नाथा कोऱ्या डोक्याने परीक्षेला निघाला आणि केशरबाईच्याने राहवेना. ती उठली, टीव्हीकडे पाठ केली आणि गावदेवीच्या देवळाच्या दिशेने हात जोडले.

"आई, पोराला पास कर! गुलाची तुला करीन!"

दाराशी बाळची मान आशेने वर झाली.

"तुजी नाय रं," केशरबाई म्हणाली. "नाथाची!"

गूळ किती लागेल हेही तिने तिथल्या तिथे पडद्याकडे बघून ठरवलं. "चालीस किलो. चार ढेपा."

तिचा नवरा परशुराम होडीवाला, सबुरीचा माणूस. "अगो, टीवीत तो वीतभर दिसते," तो म्हणाला.

"पान्यातली मासलीपन लहान-मोठी दिसते. मी चुकलंय कदी?"

जूनमध्ये नाथा पास झाला! वाड्यात फटाके वाजले. त्याच आठवड्यात बाळचाही निकाल लागला. काठावर, गणितात पस्तीस. केशरबाईने त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली आणि ती चार ढेपांची ऑर्डर द्यायला गेली. 

ढेपा आल्या आणि मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. तुला करायची तर पारड्यात नाथा हवा की! नारळी पुनव, म्हणजे होड्या पुन्हा पाण्यात घालायचा दिवस, तोंडावर आलेली. परशुराम एवढा सबुरीचा, पण या बाबतीत ठाम होता. "देवीचा नवस फिटल्याबिगर मी होडी पान्यात घालनार नाय. जालं वालवून बसू आपन!"

म्हणजे आता घरची चूलच नाथावर अवलंबून! केशरबाईने नौपाड्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारून विचारून पत्ता काढला. नाथाचं काम करणारा मुलगा डोंबिवलीत राहत होता. त्याचं खरं नाव त्र्यंबक. परशुराम तिथे जाऊन आला. दार आईने उघडलं, पोरगा क्लासला गेला होता. "रविवारी पाठवते हो, त्याला कुठे कोण बोलावतंय हल्ली!" असं आईने आनंदाने सांगितलं.

रविवारी देवळापुढे बंदरावरचा मोठा तराजू टांगला गेला. बायका आरत्या घेऊन उभ्या. रिक्षा थांबली आणि तिच्यातून मिशी फुटलेला, भरल्या अंगाचा एक दांडगा तरुण उतरला. बायका त्याच्या मागे वाकून नाथाला शोधू लागल्या.

"मीच तो," तरुण लाजून म्हणाला.

तो पारड्यात बसला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि चारही ढेपा वर आभाळात! मग धावपळ सुरू झाली. नारळ घातले, केळ्यांचे घड घातले, पितळी हंडा घातला. ढेपा हलायला तयार नाहीत. परशुराम होडीचा नांगर घेऊन आला, तेव्हा मात्र पुजारी ओरडला, "देवी काय नांगर खाईल काय रं?"

केशरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांचा नावलौकिक आणि देवीला दिलेला शब्द, दोन्ही गुळाबरोबर लोंबकळत होते.

"पोरा, तीन म्हयन्यात येवढा कसा वाढलास रं?"

"तीन महिने नाही, मावशी," त्र्यंबक ओशाळून म्हणाला. "दोन वर्षं झाली. सगळे भाग दोन वर्षांपूर्वीच शूट झालेत. दाखवले आत्ता."

"निकालाचा पन?"

"तो तर पहिल्याच दिवशी! शाळा एकच दिवस मिळाली होती. सकाळी निकाल लागला, दुपारी परीक्षा दिली."

नवस बोलायच्या दोन वर्षं आधीच नाथा पास झाला होता! मग मार्चमध्ये देवीने केलं काय? केशरबाईने कपाळाला हात लावला आणि तिला आठवलं. देवीपुढे तिने नाव घेतलंच नव्हतं. नुसतं 'पोराला' म्हणाली होती.

तिने मागे वळून बघितलं. देवळाच्या पायरीशी, चपलांच्या ढिगात बाळ बसला होता.

"बाल्या, ये. बस हितं."

नारळ, केळी, हंडा उतरवले. पारड्यात फक्त बाळ, समोर फक्त चार ढेपा. तराजू डुलला, डुलला आणि थांबला. काटा सरळ! चाळीस किलो, छटाकभरही इकडे तिकडे नाही. तेरा गुरुवार ती नाथाला बघत होती, पण डोळ्यांत वजन होतं ते घरच्या पोराचं. केशरबाईला एकदम हुंदका आला आणि हसूही आलं.

"सांगितलं नव्हतं? मी चुकत नाय!"

त्र्यंबकने सगळ्यात आधी टाळी वाजवली. परशुराम तसाच नांगर घेऊन होडीकडे निघाला.

पारड्यातून बाळ मात्र फुरंगटून म्हणाला, "म्हंजे मी देवीमुलं पास झालो? मी अभ्यास केलेला, आये!"

"केलेला?" केशरबाईने विचारलं. "देवीसमोर सांग."

बाळने देवीकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. मग समोरच्या ढेपांकडे.

"गूल दे थोडा," तो म्हणाला.